‘बलुतं’कार दया पवार आणि आपण वाचक

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही काही प्राध्यापक नाही, साहित्यिक तर नाहीच नाही. गिरणीत मागावर उभं राहून आयुष्य गेलं. जे काही वाचलं ते रातपाळी सुटल्यावर, डोळ्यांवरची झोप सारून वाचलं. तेव्हा बोलण्यात कमीजास्त झालं तर आपलाच माणूस समजून सांभाळून घ्यावे.

आजच्या मंगल दिवशी हा विषय का घेतला, ते आधी सांगतो. आपल्या विहाराच्या वाचनालयासाठी पुस्तकांची यादी करायला कमिटीची मिटिंग बसली होती. यादीत दया पवार यांचे ‘बलुतं’ निघालं आणि दोन तट पडले. एक म्हणाले, आपल्या समाजाचं नाव साता समुद्रापार नेणारा थोर लेखक, त्यांचं पुस्तक पहिलं घ्या, फोटोही लावा. दुसरे म्हणाले, घ्यायचं तर घ्या, पण कपाटाला कुलूप लावा. त्यात आपल्या घरातली दारू, मारझोड, बायाबापड्यांच्या गोष्टी आहेत, पोरीबाळींनी काय म्हणून वाचायचं? तासभर वाद झाला, चहा दोनदा झाला, पण निर्णय झाला नाही. घरी जाताना आमच्या मनात आलं, की वाद करणाऱ्यांपैकी ‘बलुतं’ शेवटपर्यंत किती जणांनी वाचलं असेल? म्हणून आज हा विषय.

प्रथम लेखकाची ओळख. दया पवार यांचा जन्म १९३५ सालचा, तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, धामणगावी. खरं नाव दगडू मारुती पवार. १९७४ साली त्यांचा ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह निघाला. १९७८ साली ग्रंथाली या वाचक चळवळीने ‘बलुतं’ प्रसिद्ध केलं आणि मराठी वाचकांत खळबळ उडाली. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांनी त्याचे मनापासून स्वागत केले. हिंदीत ते ‘अछूत’ नावाने गेलं, २०१५ साली जेरी पिंटो यांनी इंग्रजीत नेलं. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २० डिसेंबर १९९६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. जन्मभर नोकरी करून, संसार ओढून लिहिणारा हा माणूस.

तरुण पोरांना ‘बलुतं’ म्हणजे काय, हेच आता ठाऊक नाही. ही चांगलीच गोष्ट आहे! पण माहिती हवी. गावगाड्यात बारा बलुतेदार असत. त्यांच्या कामाला रोख मजुरी नसे. पीक निघालं की खळ्यावर धान्य मिळे, तेच बलुतं. महाराने मेलेलं ढोर ओढायचं, कुणी मेलं की गावोगाव उन्हातान्हात निरोप घेऊन जायचं, सरकारी माणसाच्या पुढे धावायचं, वेशीवर राखण करायची, आणि वर्षाच्या शेवटी खळ्यावर हात पसरून उभं राहायचं. देणाऱ्याला वाटे आपण दानधर्म करतो, आणि घेणाऱ्याला वाटे हा आपला हक्क आहे. या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात बिल आणलं होतं. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. दया पवारांनी पुस्तकाला हेच नाव दिलं, म्हणजे गावाने आणि शहराने या माणसाच्या पदरात जे टाकलं ते. धान्य थोडं आणि अपमानच जास्त.

आणि १९७८ साल कोणतं होतं, तेही ध्यानात घ्या. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला म्हणून मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या, तेच हे साल. बाहेर घरं जळत होती आणि इकडे एक माणूस आपल्याच घराचं दार उघडून जगाला आत बोलवत होता. तेव्हा पुष्कळांना ते रुचलं नाही, यात नवल नाही. शत्रू दारात असताना घरातलं उणं कशाला दाखवायचं, असं वाटणारच.

आता मूळ मुद्दा. लेखक गेल्यावर तो आपल्या हातात उरतो. आपण त्याच्याकडे कसे पाहतो? आमच्या पाहण्यात चार प्रकारचे वाचक आले.

पहिले, लाज वाटणारे. हे बहुतेक आपल्यातलेच शिकलेसवरलेले. दोन खोल्यांचा ब्लॉक झाला, पोरगी कॉन्व्हेंटला गेली, आता शेजारच्या माणसाला कशाला कळायला हवं की आमची आजी नागपाड्याजवळच्या कावाखान्यात चिंध्या आणि कागद वेचत होती? यांना आम्ही दोष देत नाही. जातीचं नाव कळताच भाड्याची खोली नाकारली जाते, हे ज्याने भोगलं त्यालाच त्या भीतीचं वजन कळतं. पण भीती वेगळी आणि लाज वेगळी. कागद वेचणाऱ्या बाईने कुणाचं चोरलं नव्हतं. लाज वेचणारणीला नको, तिला ते करायला लावणाऱ्याला हवी.

दुसरे, हार घालणारे. यांना जयंती-पुण्यतिथी तोंडपाठ. भाषणात नाव घेणार, ‘बलुतंकार, बलुतंकार’ म्हणणार, पण पुस्तकाचं पान उलटणार नाहीत. याच लेखकाने ‘कोंडवाडा’ लिहिला, धरणावर राबणाऱ्या बाईचं गाणं लिहिलं, ते गाणं चळवळीच्या सभांतून गायलं गेलं, हे विचारा, तर गप्प. चौदा ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, आपण देवदेवता सोडल्या. त्या कशासाठी? त्यांच्या रिकाम्या जागी लेखकाला बसवण्यासाठी? देवाला प्रश्न विचारायचा नसतो. लेखकाला मात्र विचारायचाच असतो.

तिसरे, हळहळणारे. हे वस्तीबाहेरचे. वाचतात, डोळे पुसतात, ‘अरेरे, आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणतात आणि पुस्तक मिटून ठेवतात. त्यांच्या लेखी दया पवार म्हणजे दुःखाचा एक नमुना. ज्या गावात दगडूचा महारवाडा होता त्याच गावात आपल्याही आजोबांचा वाडा होता, हा हिशोब ते मांडत नाहीत. सगळेच असे नसतात, काहींनी पुढे चळवळीत साथही दिली, हे प्रांजळपणे सांगितलं पाहिजे.

आणि चौथा प्रकार आम्हाला घरातच भेटला.

आम्ही पंचविशीच्या आत असताना खात्यातल्या एका वडीलधाऱ्या कामगाराने ‘बलुतं’ वाचायला दिलं. देताना म्हणाला, “वाच, पण घरी नेऊ नको. बायकामाणसांत हे बरं नाही.” आम्ही दोन पाळ्यांच्या डब्याच्या सुट्टीत थोडं वाचलं, राहवलं नाही म्हणून घरी आणलं, आणि ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवलं. म्हणजे आज कुलूप लावा म्हणणाऱ्यांत तेव्हा आम्हीही होतो. एके दिवशी रातपाळीहून आलो तर पत्नीने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, “अहो, त्या सईचं पुढं काय झालं?”

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सई ही दगडूची पहिली बायको. दगडूच्या डोक्यात संशयाचं भूत शिरलं आणि त्याने तिला सोडलं. हे दुसऱ्या कुणी केलेलं आरोपपत्र नाही, त्याने स्वतःच लिहिलेलं आहे. आम्ही पुस्तक वाचलं ते गावाने केलेल्या अन्यायासाठी. आमच्या पत्नीने वाचलं ते सईसाठी. पुस्तक एकच, पण तिला जे दिसलं ते आम्हाला दिसलंच नव्हतं. आम्ही काय उत्तर देणार? चहा गार होऊ दिला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत पगाराच्या तारखेला आम्ही सरळ घरी येत होतो असं नाही. पंचशील सकाळी म्हणत होतो आणि पाचवं शील संध्याकाळी मोडत होतो. तिने आम्हाला काही एक ऐकवलं नाही. फक्त सईचं विचारलं. तो प्रश्न सईबद्दलचा होता आणि नव्हताही, हे कळायला आम्हाला बरेच दिवस लागले. दारू सुटली ती त्यानंतर. पुस्तकाने सुटली असं म्हणणं खोटं होईल. पण त्या प्रश्नाचा त्यात वाटा आहे, हे भर सभेत कबूल करतो.

आता दया पवारांनी एक मोठी गोष्ट केली आहे, तिकडे लक्ष वेधतो. ‘बलुतं’ लिहिताना त्यांनी स्वतःला दोन भागांत तोडलं. एक दगडू मारुती पवार आणि दुसरा दया पवार. दगडू सांगतो आणि दया पवार ऐकतो. आम्हाला आधी वाटलं, ही लेखकाची काहीतरी युक्ती असेल. पण विचार केला तेव्हा उमगलं. दगडू हे नाव बघा. दगड्या, धोंड्या, कचऱ्या, अशीच नावं आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला यायची. शूद्राचं नाव तुच्छतादर्शक असावं, असं मनूच सांगून गेला. धम्मदीक्षेनंतर आपण पोरांची नावं सिद्धार्थ, राहुल, गौतमी, सुजाता ठेवली. उत्तम झालं. पण नाव बदललं म्हणून आतला दगडू एका रात्रीत जात नाही. तो शहाण्यासुरत्या, नोकरीला लागलेल्या माणसाच्या शेजारी बसून राहतो आणि म्हणतो, माझं ऐकून तरी घे.

दया पवारांनी त्याला बसायला जागा दिली, हे त्यांचं धाडस. म्हणून आम्ही म्हणतो, ज्यांना त्यांचा पुतळा करायचा आहे त्यांनी आधी हे बघावं, की या माणसाने स्वतःच स्वतःचा पुतळा होऊ दिला नाही. चौथरा बांधण्याआधीच त्याने आपले दोष लिहून ठेवले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. मिटिंगमध्ये एका वडिलांनी विचारलं, बाबासाहेबांनी कधी असं लिहिलं का? आम्ही सांगतो, लिहिलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाचं त्यांचं छोटं लिखाण आहे, ते १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिका करून छापलं. लहानपणी मसूर स्टेशनवर उतरलेली भावंडं, त्यांना गाडीत बसवायला तयार नसलेला गाडीवान, रात्रभर न मिळालेलं पाणी. आणि परदेशी शिकून आल्यावर बडोद्यात पारशांच्या मुक्कामाच्या जागेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी काढलेलं बाहेर. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला महापुरुष आपला अपमान लपवत नाही. मग आपण कोण लपवणारे?

वडील म्हणाले, पण बाबासाहेबांनी दुसऱ्याने केलेला अन्याय लिहिला. पवारांनी आपल्या घरातला लिहिला. बरोबर आहे. फरक आहेच. त्याचं उत्तर आम्ही धम्मातून शोधलं. भन्तेजी इथे बसले आहेत, चुकलं तर त्यांनी दुरुस्त करावं. भिक्खू संघात उपोसथाच्या दिवशी पातिमोक्खाचं पठण होतं, त्याआधी ज्याच्या हातून दोष घडला असेल त्याने तो सांगायचा असतो. वर्षावास संपताना पवारणा होते. तेव्हा प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो, की माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला किंवा शंका आली असेल तर सांगा. तथागतांनी दोष झाकण्याला शुद्धी म्हटलं नाही, उघड करून पुन्हा न करण्याला म्हटलं. त्या दृष्टीने पाहिलं तर दगडूची कबुली ही विहारात वाचू नये अशी गोष्ट नाही. उलट वाचायची असेल तर विहारातच वाचावी.

मात्र इथे एक सावधगिरी ठेवायला हवी. दोष कबूल केला म्हणजे सईला न्याय मिळाला, असं नाही. सईची बाजू आपल्याला दगडूच्या तोंडूनच कळते. तिने लिहिलं असतं तर? आपल्या बायकांनी लिहायला लागल्यावर काय निघालं ते बघा. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपल्या दुकानात बसून लिहिलेली वही घरच्यांपासून वीस वर्षं लपवून ठेवली, तेव्हा कुठे १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तक आलं. शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ त्याच सालचं. ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ २००३ सालचं. ही पुस्तकं ‘बलुतं’च्या शेजारी ठेवली तर आपल्या घराच्या दोन्ही भिंती दिसतात. दया पवारांचा वारसा म्हणतात तो हाच, की त्यांनी दार उघडलं आणि मागून कितीतरी माणसं बोलती झाली. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं, शंकरराव खरात यांचं ‘तराळ अंतराळ’ १९८१ साली, शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ साली, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ साली. प्रत्येकाची जात, गाव, भाषा निराळी. पण ‘माझं जगणं लिहिण्याजोगं आहे’ हा विश्वास पसरला.

‘बलुतं’मधला एक प्रसंग सांगून शेवटाकडे येतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची बातमी येते. दगडू तेव्हा नोकरीत आहे. स्वभावाने भिडस्त, साहेबापुढे मान वर न करणारा. तो रजेचा अर्ज देतो आणि कारण बाबासाहेबांच्या निधनाचं लिहितो. साहेब म्हणतो, असं कारण कशाला, घरगुती काही तरी लिही. आणि जन्मात उलट न बोललेला दगडू साहेबाला सांगतो, की ते आमच्या घरातलेच होते. मंडळी, आपल्या वस्तीतल्या किती घरांत हीच गोष्ट घडली असेल! आमच्या वडिलांनी त्या दिवशी चूल पेटली नव्हती एवढंच सांगितलं होतं. त्या न पेटलेल्या चुलीचा अर्थ आम्हाला या पानावर कळला. ज्या पुस्तकात दारू आणि भांडणं आहेत त्याच पुस्तकात हे पान आहे. कुलूप लावलं तर तेही पान आत बंद होतं. नुसता हार घातला तर तेही पान न वाचलेलं राहतं.

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितलं, की परंपरेने आलं म्हणून, मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. लेखकाच्या बाबतीतही हाच न्याय लावू या. दया पवारांची थोरवी आम्ही सांगतो म्हणून मानू नका. सईवर अन्याय केला म्हणून त्यांचं पुस्तक न वाचता फेकूही नका. वाचा, घरात बोला, भांडा सुद्धा.

कमिटीपुढे आमची नम्र सूचना अशी. एक, ‘बलुतं’ उघड्या फळीवर ठेवावं, आणि त्याच्या शेजारी ‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’. दोन, दर रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास पुस्तकवाचन व्हावं. एक रविवार पुरुषाने वाचावं, एक रविवार बाईने. तीन, ज्यांना अक्षरओळख नाही अशा आपल्या म्हाताऱ्या माणसांना पुढच्या ओळीत बसवावं, कारण पुस्तकात जे आहे ते त्यांनी भोगलेलं आहे. कुठे चूक आहे आणि कुठे खरं आहे हे त्याच सांगतील. पहिलं वाचन आम्ही करू. आणि सईचा भाग येईल त्या रविवारी आमच्या पत्नी वाचतील. त्यांनी तसं आम्हाला कालच बजावून सांगितलं आहे.

फोटो लावायचा तर नंतर लावू. आधी पुस्तकाची पानं हाताळून मळू द्या. लेखकाला दुसरा मान कोणता?

 नमो बुद्धाय, जयभीम!